शंभर डॉलरच्या नोटेवरचा इंजिनियर

फर्स्ट इयरला केटी लागली की घरात काय होतं हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना चांगलंच माहीत आहे. आईचा उतरलेला चेहरा, बाबांचं गप्प बसणं आणि शेजारच्या काकूंचा तो ठरलेला प्रश्न! आज ज्या इंजिनियरची गोष्ट सांगणार आहे, तो पहिल्या वर्षाला चक्क नापास झाला होता. पुढे त्याच्या कंपनीने बांधलेला एक पूल चाचणीच्या दिवशीच कोसळला. आणि तरीही आज ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे.

त्याचं नाव सर जॉन मोनॅश. पवईच्या आयआयटीत २००८ साली सुरू झालेल्या ‘आयआयटीबी-मोनॅश रिसर्च अकॅडमी’मुळे हे नाव काहींच्या कानावरून गेलं असेल. मेलबर्नचं मोनॅश विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. पण हा माणूस नोटेवर पोचला तो काही विद्यापीठामुळे नाही. पेशाने सिव्हिल इंजिनियर असलेला हा माणूस संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी लष्कराची कवायत करायचा. आणि पहिल्या महायुद्धात लाखाहून अधिक सैनिकांचा सेनापती झाला. कसा? तेच सांगायचं आहे.

मानद आणि राखीव

आधी एक फरक समजून घेऊ, कारण आपल्याकडे त्यात हमखास गोंधळ होतो. कपिल देवला २००८ मध्ये आणि धोनीला २०११ मध्ये टेरिटोरियल आर्मीत लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा मिळाला. सचिनला २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं. विद्यापीठांच्या कुलगुरूंनाही एनसीसीचा मानद कर्नल हुद्दा देतात. हा सन्मान असतो. गणवेश मिळतो, सलाम मिळतो, पण युद्धात पलटणीची जबाबदारी त्या माणसावर नसते. आता धोनीसारखा एखादा २०१५ मध्ये खरोखर ट्रेनिंग घेऊन विमानातून पॅराशूटने उड्या मारतो, पण ती त्याची हौस आणि निष्ठा. नियम त्याला तसं करायला लावत नाही.

ब्रिटिश परंपरेतल्या सगळ्याच सैन्यांत ही पद्धत जुनी आहे. रेजिमेंटचा ‘कर्नल-इन-चीफ’ बहुतेक वेळा राजघराण्यातला, ‘मानद कर्नल’ एखादा निवृत्त सेनापती नाहीतर गावातला वजनदार माणूस. संचलनाला यायचं, जेवणाला बसायचं, रेजिमेंटसाठी चार ठिकाणी शब्द टाकायचा. हुकूम द्यायचा अधिकार मात्र नाही.

राखीव दलाच्या अधिकाऱ्याचं गणित याच्या बरोबर उलटं. त्याचा एरवी कोणी सत्कार करत नाही. तो दिवसभर आपली नोकरी किंवा धंदा करतो आणि उरलेल्या वेळात शिकतो. आपल्या टेरिटोरियल आर्मीतही अधिकारी व्हायचं तर वय १८ ते ४२ हवं, पदवी हवी आणि मुख्य म्हणजे स्वतःचा कामधंदा हवा. पुणे, कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अशा बटालियन आहेत. अशा अधिकाऱ्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं काहीच होत नाही, आणि एक दिवस बोलावणं येतं. त्या दिवशी ‘मी तर पार्टटाइम आहे’ ही सबब चालत नाही. कारण त्याच्यामागे उभी असलेली माणसं काही पार्टटाइम मरत नाहीत.

मोनॅशचं सगळं आयुष्य या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

नापास मुलगा

जॉनचा जन्म २७ जून १८६५ चा, मेलबर्नचा. आईवडील प्रशियातून आलेले ज्यू. घरात जर्मन भाषा. वडिलांनी जेरिल्डरी नावाच्या खेडेगावात दुकान टाकलं होतं. पण मुलगा हुशार आहे हे आईने ओळखलं आणि १८७७ मध्ये मुलांना घेऊन ती शिक्षणासाठी मेलबर्नला परत आली. नवरा दुकानात, आई मुलांपाशी शहरात. आपल्याकडेही मुलांच्या शिक्षणासाठी अशी बिऱ्हाडं करणाऱ्या आया काही कमी नाहीत.

शाळेत जॉन गणितात पहिला. पण विद्यापीठात गेल्यावर त्याला एकदम मोकळं रान मिळालं. नाटकं, वाचनालय, गप्पा, वादविवाद. लेक्चरला मात्र दांडी! व्हायचं तेच झालं, पहिल्या वर्षी नापास. मग त्याने कंबर कसली आणि पुढच्या परीक्षा चांगल्या काढल्या. याच काळात, १८८४ मध्ये, तो विद्यापीठाच्या रायफल कंपनीत दाखल झाला. आपल्या एनसीसीसारखंच समजा.

१८८५ मध्ये आई गेली. शिक्षण अर्धवट टाकून जॉनने नोकरी धरली. मेलबर्नच्या यारा नदीवर तेव्हा प्रिन्सेस ब्रिज बांधला जात होता, त्या साइटवर. विद्यापीठाची कंपनीही १८८६ मध्ये बंद पडली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, सुटलो. हा १८८७ मध्ये नॉर्थ मेलबर्न बॅटरी नावाच्या तोफखान्याच्या तुकडीत लेफ्टनंट म्हणून रुजू झाला. किनाऱ्यावरच्या तोफा सांभाळणारी ही मिलिशियाची तुकडी. दिवसा पूल आणि रेल्वे, संध्याकाळी तोफा.

वयाच्या बाविसाव्या वर्षी एका रेल्वेमार्गाच्या बांधकामाची जबाबदारी त्याच्यावर आली. ते करता करता राहिलेलं इंजिनियरिंग पूर्ण केलं, १८९३ मध्ये मास्टर्स केलं आणि १८९५ पर्यंत आर्ट्स आणि लॉ या दोन्ही पदव्याही खिशात घातल्या. मधल्या काळात १८९१ मध्ये लग्न झालं, १८९३ मध्ये मुलगी झाली, आणि १८९४ च्या मंदीत बंदर खात्यातली नोकरी गेली!

पडलेला पूल

नोकरी गेल्यावर मोनॅश यांनी अँडरसन नावाच्या इंजिनियर मित्राबरोबर भागीदारीत फर्म काढली. तेव्हा एक नवीन तंत्र युरोपातून येत होतं. जोसेफ मोनियर नावाच्या फ्रेंच माळ्याने कुंड्या फुटू नयेत म्हणून काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालायला सुरुवात केली होती आणि १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. आपण आज ज्याला आरसीसी म्हणतो, त्याचं हे बालपण. मोनॅश आणि अँडरसन यांनी या पद्धतीने कमानीचे पूल बांधायला घेतले. मेलबर्नचा १८९९ चा अँडरसन स्ट्रीट ब्रिज (आता त्याला मोरेल ब्रिज म्हणतात) आजही उभा आहे.

पण मे १९०१ मध्ये बेंडिगो गावात त्यांच्या किंग्ज ब्रिजची लोड टेस्ट चालू होती. पुलावर वाफेचं इंजिन आणि रोड रोलर आणले होते. कमान कोसळली. एक माणूस मेला.

हा पूल रस्त्याला तिरका होता, स्क्यू आर्च. साध्या सरळ कमानीचा हिशेब तेव्हा लोकांना येत होता. पण एवढ्या तिरक्या कमानीत जोर नेमका कुठे एकवटतो, याचं पुरेसं ज्ञान त्या काळी कोणाकडेच नव्हतं. ही सबब खरी होती. तरीही फर्मने तो पूल स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधला. मोनॅश कर्जात बुडाले. त्यातून डोकं वर काढायला त्यांना कित्येक वर्षं लागली. १९०५ मध्ये त्यांनी आरसीसीची नवी कंपनी काढली आणि तिथून मात्र बस्तान बसलं.

आपण टेस्टिंगच्या लॅबमध्ये क्यूब फोडतो आणि रीडिंग लिहितो. कधी कधी तर मित्राच्या जर्नलमधून उतरवतो! त्या रीडिंगच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा असतो हे मोनॅशना छत्तिसाव्या वर्षी, सर्वांत कठोर पद्धतीने कळलं. पुढे युद्धात त्यांनी प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा तपासली. मला वाटतं, त्याचं मूळ कुठेतरी या बेंडिगोच्या पुलाखाली आहे.

सत्तावीस वर्षांची तयारी

इकडे मिलिशिया चालूच होती. १८९५ मध्ये कॅप्टन, १८९७ मध्ये मेजर आणि बॅटरीचे प्रमुख. मिलिशियात बढती नुसत्या वयावर मिळत नसे, परीक्षा द्यावी लागे. त्यानंतर तब्बल अकरा वर्षं ते मेजरच राहिले. १९०८ मध्ये गुप्तवार्ता विभागात लेफ्टनंट कर्नल झाले, तिथे नकाशे करायचं काम होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका मोहिमेवर निबंध लिहून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. १९१३ मध्ये कर्नल होऊन एका ब्रिगेडचे प्रमुख झाले.

लक्षात घ्या, १८८७ ते १९१४ ही सत्तावीस वर्षं. या काळात त्यांनी शत्रूवर एकही गोळी झाडलेली नव्हती. लोकांना ही श्रीमंत माणसाची हौस वाटली तर नवल नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. ऑस्ट्रेलियाच्या १९०३ च्या संरक्षण कायद्याप्रमाणे मिलिशियाच्या माणसाला देशाबाहेर लढायला पाठवता येत नव्हतं. म्हणजे मोनॅश घरी बसले असते तरी कायद्याने कोणी बोट दाखवलं नसतं. वय एकोणपन्नास, वजन वाढलेलं, धंदा आता कुठे जोरात आलेला. परदेशी लढायला नवीन स्वयंसेवक फौज उभी राहत होती. मोनॅशनी तिच्या चौथ्या ब्रिगेडचं नेतृत्व स्वीकारलं. लगेच कुजबुज सुरू झाली. आईबाप जर्मन, धर्माने ज्यू, आणि वर पार्टटाइम अधिकारी! याच्या हाती आपली मुलं द्यायची?

गॅलिपोली ते हॅमेल

एप्रिल १९१५ मध्ये त्यांची ब्रिगेड तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरली. तिथल्या एका दरीला आजही मोनॅश व्हॅली म्हणतात. ऑगस्टमध्ये रात्रीच्या अंधारात, चुकीच्या नकाशांवर, आजाऱ्या सैनिकांनिशी डोंगर चढून हल्ला करायचा हुकूम आला. तो फसला. शेकडो माणसं गेली. मोनॅशवर त्याबद्दल टीका झाली आणि ती सगळीच चुकीची होती असं म्हणता येणार नाही. पण पुलाप्रमाणेच इथेही त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. माणूस शूर असून भागत नाही. त्याच्या मागे नकाशा, तोफा, पाणी आणि दारूगोळा वेळेवर पोचला पाहिजे.

१९१६ मध्ये ते मेजर जनरल झाले आणि तिसरी डिव्हिजन त्यांच्याकडे आली. इंग्लंडमध्ये त्यांनी तिला घडवलं आणि १९१७ मध्ये बेल्जियमच्या मेसीनच्या लढाईत ती उतरली. ऑक्टोबरमध्ये पाशेंडेलच्या चिखलात हल्ल्याचा हुकूम आला, तेव्हा मोनॅशनी एका दिवसाची मुदत मागितली. तोफा चिखलात रुतल्या होत्या, त्या पुढे आणायला वेळ हवा होता. मुदत मिळाली नाही. हल्ला झाला, फसला, आणि डिव्हिजनची भयंकर हानी झाली.

मे १९१८ च्या अखेरीला ऑस्ट्रेलियन कोअर, म्हणजे पाच डिव्हिजन, त्यांच्या हाती आल्या. तेव्हाही युद्धवार्ताहर बीन आणि पत्रकार कीथ मर्डोक यांनी त्यांच्याऐवजी दुसऱ्याला नेमावं म्हणून पंतप्रधान ह्यूज यांच्याकडे जोर लावला. ह्यूज स्वतः फ्रान्सला आले. त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं, तेव्हा बहुतेकांना मोनॅशच हवे होते. विषय तिथे थंडावला.

आणि मग आली हॅमेलची लढाई, ४ जुलै १९१८. फ्रान्समधलं छोटंसं गाव. मोनॅशनी ही लढाई एखाद्या बांधकामाच्या प्रोजेक्टसारखी आखली. शेवटच्या बैठकीला सुमारे अडीचशे अधिकारी होते आणि विषयपत्रिकेवर १३३ मुद्दे होते! प्रत्येक मुद्द्यावर बोलायचं ते तिथेच बोला. एकदा ठरलं की नंतर बदल नाही. पायदळ, तोफा, ६० रणगाडे आणि विमानं एकाच वेळापत्रकात बसवली. रणगाड्यांचा आवाज शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून विमानं डोक्यावरून उडत ठेवली. पुढे गेलेल्या सैनिकांना दारूगोळा विमानातून पॅराशूटने टाकला. सामान वाहणारे चार रणगाडे होते, त्यांनी बाराशे माणसांचं ओझं नेलं. ते बाराशे जण त्या दिवशी गोळीबारात उघडे पडले नाहीत, हा त्यातला खरा हिशेब.

आदल्या दिवशी एक पेच आला. सोबतच्या अमेरिकी तुकड्या काढून घ्या, असा निरोप अमेरिकेचे सेनापती पर्शिंग यांच्याकडून आला. काही तुकड्या मोनॅशनी परत पाठवल्या. पण संध्याकाळी उरलेल्यांसाठीही हुकूम आला, तेव्हा त्यांनी वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं की आता ही माणसं काढली तर रांगेत भगदाड पडेल, मग हल्लाच रद्द करावा लागेल. विचार करा. समोर आयुष्यभर सैन्यात काढलेले जनरल, आणि त्यांना हे सांगणारा मेलबर्नचा काँक्रीटवाला! शेवटी सरसेनापती हेग यांनी मोनॅशच्या बाजूने कौल दिला आणि अमेरिकी सैनिक जागेवरच राहिले.

लढाईला ९० मिनिटं लागतील असा मोनॅशचा अंदाज होता. लागली ९३.

यात कुठेही चमत्कार नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सत्तावीस वर्षं संध्याकाळच्या कवायतीत शिकलेलं आणि साइटवर वापरलेलं, ते त्या दिवशी एकत्र आलं. ८ ऑगस्टला आमियाँच्या लढाईत हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि जर्मन आघाडी मागे रेटली गेली. १२ ऑगस्टला राजे पाचवे जॉर्ज यांनी फ्रान्समध्ये, त्यांच्या मुख्यालयातच मोनॅशना नाइट केलं. ऑगस्टच्या शेवटी मॉन सेंट क्वेंटिन, सप्टेंबरअखेर हिंडेनबर्ग लाइन, आणि ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं. शेवटच्या महिन्यांत थकलेल्या पलटणींना त्यांनी फार रेटलं अशी टीकाही झाली, तीही नोंदवायला हवी.

हुद्द्याचं काय झालं?

युद्ध संपल्यावर परदेशातल्या सुमारे एक लाख साठ हजार सैनिकांना मायदेशी आणायचं काम मोनॅशकडे आलं. ते त्यांनी आठेक महिन्यांत उरकलं. जहाजाची वाट पाहणाऱ्या सैनिकांना शिक्षण आणि कामधंद्याचं प्रशिक्षण मिळेल अशी सोयही केली.

आता गंमत बघा. युद्धातले हुद्दे त्या स्वयंसेवक फौजेपुरते होते. फौज विसर्जित झाली आणि अनेक अधिकारी मायदेशी मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल झाले. युद्धातला मोठा हुद्दा नावापुढे ‘मानद’ म्हणून उरला. म्हणजे ज्यांनी खरोखर रक्ताच्या चिखलात तो हुद्दा मिळवला, त्यांच्याही वाट्याला शेवटी मानद हाच शब्द आला! मोनॅशना पूर्ण जनरलचा हुद्दा मिळाला तो ११ नोव्हेंबर १९२९ ला, युद्ध संपून अकरा वर्षांनी. तेव्हा हुकूम द्यायला समोर सैन्य नव्हतं.

ते रुसून बसले का? अजिबात नाही. १९२० पासून ते व्हिक्टोरिया राज्याच्या वीज मंडळाचं काम बघत होते. यालूर्न इथे ब्राउन कोलच्या प्रचंड खाणी होत्या. पण हा कोळसा इतका ओला, की निम्म्याहून जास्त पाणीच! त्यासाठी बॉयलरमध्ये फेरफार करावे लागले, कोळसा वाळवून विटा पाडायचं जर्मन तंत्र आणावं लागलं. ज्या देशाशी चार वर्षं लढले, त्याचंच तंत्र शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. १९२४ मध्ये यालूर्नची वीज मेलबर्नला पोचली.

१९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली. बेकारी, उपासमार. काही बड्या मंडळींना वाटलं, हे सरकार बाजूला सारून मोनॅशसारख्या सेनापतीने देश हातात घ्यावा. त्यांनी तसं सुचवलंही. मोनॅशनी ते साफ झिडकारलं. सरकार बदलायचं तर मतपेटीतून, हे त्यांचं मत पक्कं होतं. राखीव अधिकाऱ्याचा हा शेवटचा आणि कदाचित सगळ्यात कठीण पेपर. बोलावणं येईल तेव्हा जायचं, आणि काम संपलं की गणवेश उतरवून ठेवायचा. लष्करी कीर्तीवर सत्ता मागायची नाही. आसपासच्या जगात किती सेनापती या पेपरला नापास झाले ते आपण इतिहासात वाचतोच.

१९३१ च्या सुरुवातीला ते भारतातही आले होते. नवी दिल्लीच्या उद्‌घाटन समारंभात त्यांनी ऑस्ट्रेलियाचं प्रतिनिधित्व केलं. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला मेलबर्नमध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेला सुमारे अडीच लाख लोक लोटले.

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा वाद झाला. मोनॅशना मरणोत्तर फील्ड मार्शल करावं, अशी बऱ्याच जणांची मागणी होती. सरकारने ती मान्य केली नाही. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी बरंच लिहून आलं.

पण या वादाचं उत्तर मोनॅश स्वतःच देऊन गेले होते, असं मला वाटतं. त्यांच्या नावापुढे सर होतं, जनरल होतं, तीन शाखांच्या पदव्या होत्या, वर डॉक्टरेट होती. मेलबर्नच्या ब्रायटन दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्या दगडावर यातलं काही कोरायचं नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

तिथे फक्त नाव आहे. जॉन मोनॅश.